ओस गावातले पाणी

“आजची चौकट कोरी गेली, सर,” सारिका फोनवर म्हणाली. “उद्या जाऊ देऊ नका. नोंद नव्हती त्या दिवशी पाणी गोडच होते, असे सर्वेशचा वकील म्हणेल.”

“उद्या नोंद मिळेल,” हरिश्चंद्र म्हणाला आणि झोपडीत शिरला.

त्याची उभी हयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली होती. निवृत्तीनंतर तो गावाविषयी ब्लॉग लिहू लागला. कणकवलीच्या एका दैनिकाने जिल्ह्यातल्या ब्लॉगलेखकांना जोडून घेतले, तेव्हा त्याच्या वाट्याला रोजची एक चौकट आली : शेजारच्या आनंदीबाईंच्या विहिरीत आज किती क्षार. सारिका ते पान पाही. स्वतः मोजायचे आणि मोजलेले बदलायचे नाही, ही अट हरिश्चंद्राने आपणहून घातली होती.

विहीर खारट होऊन दोन उन्हाळे लोटले होते. म्हाताऱ्या आनंदीबाई घागर कमरेवर घेऊन दूरच्या वाडीतून पाणी आणत होत्या. खाडीपलीकडे सर्वेशची खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीची तळी होती. दोष कुणाचा, याबद्दल हरिश्चंद्राच्या मनात संशय उरला नव्हता. त्या तळ्यांच्या परवान्याची सुनावणी तोंडावर आली होती, आणि तिच्या आदल्या दिवशी दैनिक साऱ्या नोंदींचे पानभर वृत्त सर्वेशच्या नावासह छापणार होते.

नेमकी त्याच आठवड्यात गावपळण आली. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सारा गाव गुरे, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेरच्या झोपड्यांत तीन दिवस राहायला जातो. तेवढ्या काळात गावात चूल पेटत नाही, पाऊल पडत नाही. हरिश्चंद्राचा देवावर विश्वास नव्हता. पण शेजाऱ्यांशी वैर घ्यायचे नव्हते. पहिल्या दिवशी सकाळची नोंद घेऊन, सुपारीच्या बागेची मोटर बंद करून, दाराला कडी घालून तोही निघाला होता. दुसऱ्या दिवशी कुणाची नजर चुकवणे जमले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, ओहोटी लागताच, त्याने क्षार मोजायचे पेनाएवढे यंत्र खिशात टाकले.

“खंय चललंस रे मास्तरा?” आनंदीबाईंनी विचारले.

“खाडीर. पाय मोकळे करूक.”

“पेन घेऊन? खाडीर बसान गणितां सोडवतलंस?”

शेजारच्या झोपडीतला बाबली हसला. “जावंदे गो काकी. वाटेत देव भेटलो तर तेचोय खारटपणा मोजून येतलो.”

आनंदीबाई हसल्या नाहीत. “तीन दिस गाव देवाचो, मेल्या. माका तुझो आकडो नको. माका माझ्या बावीचा पाणी व्हया.”

“तेच्यासाठीच जातंय, काकी.”

म्हातारीने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि पायवाटेकडे पाठ करून बसली. “मग जा. मी काय बघूक नाय.”

खाडीच्या कडेने, गुडघाभर चिखलातून तो गावात शिरला. दारे बंद, अंगणे सुनी. आनंदीबाईंच्या विहिरीत त्याने घागर सोडली आणि यंत्र पाण्यात धरले.

आकडा चुकीचा होता.

त्याने यंत्र पुसले, सोबत आणलेल्या ठरावीक क्षारांच्या द्रावणात तपासले. यंत्र बरोबर होते. पुन्हा घागर सोडली. तोच आकडा. शेवटी, आयुष्यभर विद्यार्थ्यांना मना केलेली गोष्ट त्याने केली : ओंजळीतले पाणी चाखून पाहिले.

मग तो खाडीकाठी गेला. पलीकडच्या तळ्यांवर पाणी घुसळणारी चाके फिरत होती. ती बाजू वेशीबाहेर होती; बांधावर राखणदार महादू बसला होता.

“महादू, ही चाका मधी बंद होती काय रे?”

“बंद? कोळंबी मरात, मास्तर. दिसरात चालूच आसत.”

 हरिश्चंद्र परत फिरून आपल्या घरापर्यंत गेला, बागेला एक फेरी घातली आणि तिथूनच सारिकाला फोन लावला.

“सर्वेशवरचे पान तयार आहे, सर. तुमच्या आकड्यासाठी थांबले आहे.”

त्याने आकडा सांगितला.

“हे तर पिण्याजोगे पाणी झाले.”

“हो.”

“यंत्र?”

“तपासले. तळीही बंद पडली नव्हती. राखणदाराला विचारले.”

“सर,” सारिका आवाज खाली आणून म्हणाली, “हा आकडा छापला तर सर्वेशविरुद्ध काहीच उरत नाही. एक चौकट कोरी गेलीच आहे. ही दुसरी सोडू?”

“नाही. मोजले ते छापा.”

“मग विहीर खारट केली कुणी? तीन दिवसांत तिथे बदलले तरी काय?”

“दोन वर्षांपूर्वी खोदलेल्या एका बोअरवेलची मोटर बंद होती. विहिरीला लागूनच आहे. वाडीत बाकी सगळे पाणी दोरीने काढतात. ती मोटर जमिनीतले गोडे पाणी उपसते आणि रिकाम्या जागेत खाडी आत येते. नोंदी पुन्हा मांडा, पण सर्वेशचे नाव काढा आणि मोटरच्या मालकाचे घाला.”

“असे कसे घालू? त्याची बाजू ऐकून घ्यावी लागेल. मला आधी त्याच्याशी बोलले पाहिजे.”

“बोलत आहात,” हरिश्चंद्र म्हणाला.