फायरमनचा फोटो

बाई रुळांमधून चालत वळणावर आली, तेव्हा टेकाडावर ट्रायपॉड लावून उभ्या असलेल्या तिघांनीही हात हलवून तिला बाजूला व्हायला सांगितलं. गाडी यायला वीस मिनिटं होती, ऊन नेमकं हवं तितकं कललं होतं आणि चौकटीत माणूस नको होता.

ती बाजूला झाली नाही. चढण चढून थेट त्यांच्यापाशी आली. शेडपासून इथवर खडीतून चालल्यानं तिच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता.

"मास्तर कोण?"

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर पुढे झाले.

"मी फायरमनची बायको. ह्याच गाडीवरच्या. रविवारी इंजिन शेडमध्ये लावून निघाले, ते घरी आलेच नाहीत. आज तिसरा दिवस. पोलीस म्हणतात, अलीकडचा फोटो आणा. घरात एकच आहे, लग्नातला. हवालदार म्हणाला, एवढे केस असलेला माणूस शोधायला गेलो तर भलताच कुणीतरी हाती लागेल." ती थांबली. "हे सांगायचे, मास्तरांकडे आमच्या गाडीचे हजारो फोटो आहेत. मला एक द्या. चेहरा दिसेल असा."

"एक काय, पन्नास घेऊन जा ताई," दुर्बीण म्हणाला. हातभर लांबीच्या लेन्समुळे त्याला सगळे दुर्बीणच म्हणत. "सहा वर्षं हेच वळण आणि हेच धूड. जाताहेत कुठे!"

कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर इंजिन सरकू लागलं. पितळेची घंटा, बॉयलरवरच्या रिव्हेटांच्या ओळी, वाफेचा एकेक पदर. त्या लोखंडाचा देह तिघांनाही तोंडपाठ होता. त्याच्या पोटातली आग जिवंत ठेवणारा माणूस मात्र कुठेच नव्हता. कुठे एक कोपर, कुठे फावड्याचा दांडा, कुठे टोपीची कड. बाकी काळोख.

"असं कसं होईल?" बाई म्हणाली. "सारखे खिडकीत उभे असतात म्हणून ओरडते मी त्यांना. वारा बाधतो."

मग मास्तर म्हणाले, "आम्हीच त्यांना आत व्हायला सांगायचो. हात दाखवून. एवढं जुनं इंजिन आणि त्यात आजचा शर्ट घातलेला माणूस... फोटो बिघडतो. बिचारे लगेच व्हायचे."

"आत म्हणजे कुठे?"

"पलीकडच्या खिडकीत. दरीकडच्या." दुर्बिणीनं मान खाली घातली आणि रविवारचे फोटो पडद्यावर आणले. "थांबा, अंधार जरा उजळून बघतो."

केबिन दोन्ही अंगांनी उघडी होती. काळोख पातळ होत गेला, तशी राखेतून वर यावी तशी एक आकृती दिसू लागली. पलीकडच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलेली पाठ.

"पाठच आहे. पुढचा बघू."

दुर्बीण एका दमात वीस फोटो घेई. दर फोटोत इंजिन हातभर पुढे सरकत होतं. पाठ. मान. पुन्हा मान. मग कान, गालाची कड, आणि शेवटच्या फोटोत नाक, ओठ, एक डोळा.

"आला! चेहरा आला!" दुर्बीण ओरडला. "ताई, हा चालेल. द्या हवालदाराच्या तोंडावर फेकून."

बाईनं पडद्याला डोळे भिडवले.

"परत दाखवा. पहिल्यापासून. भरभर."

त्यानं बटण दाबून धरलं. इंजिन पुढे जात होतं आणि माणसाचं डोकं तेवढंच मागे वळत होतं. गाडीत बसल्यावर फलाटावर राहिलेल्या माणसाला नजर जशी सोडत नाही, तसं.

"त्याच्या आधीच्या रविवारचे?"

तिथंही तसंच. त्याच्या आधीच्या रविवारीही. शर्ट बदलले होते. वळणारी मान तीच होती.

"हे खाली काय बघतात?"

"तिथे काही नाही," मास्तर म्हणाले. "दगडाची जुनी खाण आहे. बंद पडलेली. पाणी साठलंय. इथून दिसतसुद्धा नाही. कुणी जात नाही तिकडे, वाटच..."

आपलेच शब्द त्यांना उशिरा ऐकू आले. कुणी जात नाही, म्हणजे तिथे कुणी शोधलंही नसणार.

टेकडीमागे शिट्टी झाली. तिघांतला तिसरा, इतका वेळ गप्प असलेला, सवयीनं कॅमेऱ्यावर वाकला, आणि वाकलेलाच राहिला. बाई तोवर उतरणीला लागली होती. दोन्ही चपला तिनं वाटेतच सोडल्या. रूळ ओलांडून ती दरीच्या काठाशी गेली, गुडघ्यांवर बसली, वाकून खाली पाहिलं. तिच्या हाताखालची खडी निसटली. खडी खाली पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

"ताई, मागे या! गाडी आली!" मास्तर धापा टाकत खाली धावले. त्यांच्यामागून दुर्बीण कॅमेरा उंच धरून ओरडत होता, "फोटो! नंबर सांगा, आत्ता पाठवतो!"

रूळ थरथरू लागले होते. बाईनं मागे वळून पाहिलं नाही. एक पाय तिनं काठावरून खाली सोडला आणि टेकायला जागा चाचपू लागली.

"फोटो राहू दे आता," ती म्हणाली. "दोर आहे का कुणाकडे?"