बरोब्बर दहाला

दहा पंचवीस झाले तरी एकही जण आला नव्हता. भाड्याच्या बंगल्यात अकरा रिकाम्या खुर्च्यांसमोर मी हात मांड्यांखाली दाबून बसले होते. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांचं, आमचं आम्हीच भरवलेलं हे पहिलं शिबिर. उजेड टोचतो म्हणून पडदे ओढले होते, दोन दिवस जेवायला काय काय असेल तेसुद्धा आधी कळवलं होतं.

“कोण येणार तुझ्या शिबिराला?” वहिनी म्हणाली होती. नववीतल्या माझ्या वाढदिवसाला आईने चाळीस बटाटेवडे तळले होते. ते आम्ही घरचेच दोन दिवस खात बसलो.

सगळ्यांना पाठवलेला मेसेज मी पुन्हा वाचला. ‘बेल वाजवू नका, आवाज सहन होत नाही. बरोब्बर दहाला दार मी उघडेन.’

मी धावत जाऊन कडी काढली.

बाहेर अकरा जण रांगेत उभे होते, हातहातभर अंतर ठेवून, अगदी गप्प. सगळ्यात पुढे हेडफोन लावलेले एक काका होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

“सव्वीस मिनिटं झाली,” ते म्हणाले. “वाटलं, तुम्हालाही आम्ही नको झालो.”