अगदी माझ्यासारखा

औषधांचा डबा आवरताना तिने पाकीट उलटून पाहिलं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन आठवडे जशाच्या तशा होत्या.

"बाबा, गोळ्या कुणाला विचारून बंद केल्या?"

"तू बस घरात वेबसाइटवाल्यांसाठी लेख पाडत. तुला काय कळतंय त्यातलं?" बाबांनी मोबाईल पुढे केला. "हे वाच. डॉक्टरांनी लिहिलंय. त्यांचा पेशंट अगदी माझ्यासारखा. निवृत्त पोस्टमन, डावा गुडघा धरलेला, चहात तीन चमचे साखर. नुसत्या लसणाच्या पाण्यावर त्याच्या गोळ्या सुटल्या."

तिने मोबाईल हातातही घेतला नाही. पुढची ओळ तिला पाठ होती. महिन्यापूर्वी तिला तो लेख दुपारपर्यंत द्यायचा होता, नाव कुठल्याशा डॉक्टरचं लागणार होतं आणि पेशंट काही केल्या सुचत नव्हता. समोरच्या खुर्चीत बाबा पेंगत होते.