हलवलेला ठिपका

"म्हणजे खोटा नकाशा काढायचा पगार घेतेस तू," आत्या म्हणाली आणि चहाचा कप भाचीपुढे सरकवला.

"खोटा नाही गं. हलवलेला."

भाचीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. शहराच्या नकाशावर लाल ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे आरोग्य पाहणीत बोललेली एकेक पारलिंगी व्यक्ती. आकडेवारीचं काम भाचीकडे होतं, आणि अहवालात देताना प्रत्येक ठिपका तिने खऱ्या घरापासून दोन-चार गल्ल्या सरकवला होता. दवाखाना कुठे हवा ते कळावं, घर कुणाचं ते कळू नये. एरवी हे सांगताना तिला कोण अभिमान! आज मात्र तिची नजर सारखी मोबाईलकडे जात होती. तो नकाशा अहवालातून उचलून कुणीतरी सकाळपासून मोबाईलवर फिरवत होतं. खाली ओळ होती : 'ओळखा आपले शेजारी.'

"मग घाबरतेस कशाला? ठिपका आहे तिथे तसं कुणी नाहीच ना?"

"तिथेही कुणीतरी राहतंच की, आत्या."

तेवढ्यात बेल वाजली.

दारात दोघे होते. एक हसतमुख, इस्त्रीच्या शर्टातला. दुसरा गप्प. हसतमुखाने न विचारता खुर्ची घेतली आणि मोबाईल पुढे धरला. ठिपका बरोबर आत्याच्या छपरावर होता.

"इथे कोण राहतं?"

"मी. एकटी."

त्याने आत्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. उंच बांधा, रुंद खांदे, आखूड कापलेले केस.

"लग्न नाही केलंत?"

"नाही."

"आवाजही जरा..."

"जन्मभर शाळेच्या मैदानावर पोरांवर ओरडलेय. कोकिळेचा कुठून राहील?"

गप्प माणूस पहिल्यांदा हसला. ते हसू बघून भाचीचा तोल गेला.

"अहो, माझी सख्खी आत्या आहे ती! हा ठिपका इथला नाहीच. मी स्वतः हलवलाय तो!"

तिने जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

"असं होय," हसतमुख म्हणाला. "म्हणजे मूळ जागा तुमच्याकडे असणार."

गप्प माणसाची नजर टेबलावर गेली. मूळ जागा त्याच लॅपटॉपमध्ये होत्या. त्या कचेरीबाहेर न्यायला सक्त मनाई होती. एक पडताळणी राहिली होती, घरी बसून उरकू, म्हणून ही शहाणी घेऊन आली होती. या ठिपक्यामागची खरी व्यक्ती तीन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करायची. भाचीला तिचं नाव माहीत नव्हतं, घर मात्र माहीत होतं. 'शेजाऱ्यांना ठाऊक आहे का?' या प्रश्नाला तिने उत्तर दिलं होतं : नाही, कळलं तर जगू देणार नाहीत.

गप्प माणूस टेबलाकडे आला.

आत्याने त्याच्या आधी लॅपटॉप खाडकन मिटला आणि त्यावर हात ठेवला.

"पोरगी मला वाचवायला काहीही बोलतेय. मीच ती."

"आत्या!"

"तू गप्प बस. घरातही कुणाला सांगितलं नव्हतं मी, आज सांगते. ठिपका बरोबर आहे तुमचा. झालं समाधान?"

हसतमुखाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मोबाईल खिशात टाकला.

"बरंय, आत्या," तो अगदी आपुलकीने म्हणाला. "काळजी घ्या. एकट्याच राहता."

दार लागलं. पण पावलं लगेच गेली नाहीत. बाहेरून लाकडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला, मग हसणं, मग काहीच नाही. भाचीने जरा वेळाने दार उघडलं. त्यावर लाल रंगाचा ताटाएवढा गोल होता, अजून ओला. समोरची शेजारीण गॅलरीत उभी होती. भाचीने पाहिलं तशी ती आत गेली आणि तिने कडी लावली.

भाची रडत रडत ओलं फडकं घेऊन धावली. आत्याने तिचं मनगट धरलं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "पुसलास तर खरं दार शोधायला निघतील."