चौथा स्क्रू

“झाकण उघडा,” कस्टमच्या मॅडम म्हणाल्या आणि चष्मेवाल्यानं दोन्ही हात खिशात घातले.

गोदामातल्या लांब टेबलावर त्याचं काचा घासायचं मशीन ठेवलं होतं. बाहेरून सगळं तेच जुनं. पिवळट पत्रा, टवका उडालेला कोपरा, मागे नंबराची पट्टी. पोटात मात्र मोटर नवी, चाकं नवी, सगळंच नवंकोरं. तसं ठरलंच होतं.

नियम त्याला कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंटनं सांगितला होता, तोही अगदी सरळ मनानं. “नवीन मागवलंत तर पूर्ण किमतीवर ड्यूटी. जुनंच दुरुस्तीला पाठवून परत आणलंत, तर फक्त दुरुस्तीच्या खर्चावर. नंबर तेवढा जुळला पाहिजे.”

झालं! चष्मेवाल्याच्या डोक्यात किडा वळवळला. जुन्या खोक्यात नवीन मशीन बसवा आणि बिल किरकोळ दुरुस्तीचं करा, असं त्यानं परदेशातल्या कंपनीच्या माणसाला फोनवर पटवलं. नव्या मशीनचे पैसे आडवाटेनं आधीच पोचते केले. मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले होते ते.

“अहो, कशाला नसती भानगड?” बायकोनं हात जोडले होते. “मोटर खडखडते म्हणून तुम्ही खाली पुठ्ठा खोचलात, त्यावर चाललंय ना? पकडलं तर मशीन जाईल, वर दंड, दुकानाला टाळं. पोरीला काय तोंड दाखवाल?”

“तुला नाही कळायचं त्यातलं,” असं म्हणून तो हसला होता.

आता ते हसू कुठल्या कुठे पळालं होतं. शिपायानं पहिला स्क्रू काढून टेबलावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. चौथ्यापाशी शिपायाचा हात घसरला.

“हा फिरत नाही, मॅडम. खाच पार गुळगुळीत झालीय.”

“जोर लाव.”

शिपायानं दात-ओठ खाऊन जोर लावला. स्क्रू ढिम्म हलला नाही. चष्मेवाल्यानं मनातल्या मनात त्या स्क्रूचे पाय धरले.

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चष्म्याची डावी दांडी सैल होती. एरवी त्यानं तो हक्कानं मागून घेऊन दोन मिनिटांत नीट करून दिला असता. आज त्याचे हात खिशातच बरे होते.

“एवढी दुरुस्ती केली म्हणता, मग हा स्क्रू का नाही बदलला त्यांनी?”

“परदेशातली माणसं, मॅडम,” तो म्हणाला. “बिलात नसेल त्याला बोटसुद्धा लावत नाहीत.”

उत्तर कसं सुचलं, देव जाणे. मॅडमच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. दाराशी रांग वाढत होती, कोणीतरी मोठ्यानं वैतागलंही होतं. त्यांनी नंबराची पट्टी पुन्हा एकदा कागदाशी ताडून पाहिली.

“राहू दे. मात्र लिहून द्या, पाठवलेली वस्तू ती हीच, किरकोळ दुरुस्तीखेरीज काहीही बदललेलं नाही. खोटं निघालं तर जबाबदारी तुमची.”

त्यानं लिहून दिलं. खाली सही केली.

टेम्पो दुकानाशी थांबेपर्यंत त्यानं तीनदा मागे वळून बघितलं. कोणी येत नव्हतं. मशीन आत घेतलं, शटर अर्धं ओढलं आणि मगच त्यानं मोकळा श्वास घेतला.

“सुटलो गं बाई!” तो बायकोला म्हणाला. “शुंभासारखी उभी काय राहतेस? टॉर्च धर. आपलं नवं मशीन बघ.”

चौथ्या स्क्रूनं त्यालाही चांगलाच घाम फोडला. शेवटी पक्कडीनं पिरगाळून त्यानं तो उपटला. झाकण निघालं. बायकोनं टॉर्च आत धरला, वाकून पाहिलं आणि मोटरखाली दोन बोटं घालून काहीतरी ओढून काढलं.

तेलानं काळी पडलेली एक घडी होती. ती तिनं पदराला पुसली, उलगडली आणि टॉर्चच्या उजेडात वाचली.

“इयत्ता पाचवी, तुकडी ब,” ती म्हणाली. “अहो, हा तर आपल्या पोरीच्या वहीचा पुठ्ठा.”