वळणाआधीची आरोळी

कासा स्टँडवर लडक्या ड्रायव्हरची जीप खच्चून भरली होती, तरी हलत नव्हती. “घाई असेल त्यानं चालत जावं,” त्यानं बजावलं. डॅशबोर्डवरच्या मोबाइलमध्ये त्याची लेक जयश्री ऑस्ट्रेलियात शर्यतीची गाडी पळवत होती. शिकली ती ह्याच जीपवर, वळण आलं की मागे लटकलेल्यांना बापासारखीच ओरडायची, “धरून बसा!” आता शेवटची फेरी, जयश्री पहिली. तेवढ्यात तिच्या गाडीतल्या रेडिओवर टीमचा मालक इंग्रजीत बोलला आणि शेजारच्या नर्सबाईंचा चेहरा पडला. “मागची गाडीही त्याचीच आहे. म्हणतो, बाजूला हो, तिला जिंकू दे. नाहीतर पुढच्या वर्षी तुला गाडी नाही.” ‘बाजूला हो’ हे लडक्यानं जन्मभर ऐकलं होतं, आणि तो झालाही होता. शेवटचं वळण आलं. मोबाइलमधून जयश्रीचा आवाज खणखणला, “धरून बसा!” उभ्या जीपमधल्या सतरा जणांनी मिळेल तो दांडा पकडला.