सहीसाठी सोडलेली जागा

विजयकुमारांचा निबंध तिसऱ्यांदा परत आला, आणि या खेपेला त्याच्यासोबत मॅडमही आल्या.

वर्ग सुटला होता. बाकीची पोरं कॅन्टीनकडे पळाली होती. मॅडमना बघून विजयकुमार शिरस्त्याप्रमाणे उठून उभे राहिले. त्यांचं वय एकसष्ट, इतिहासाच्या एम.ए.चं पहिलं वर्ष. नंदिता मॅडम असतील बत्तीसच्या. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, त्यामुळे वर्गात इंग्रजी आणि विजयकुमारांशी मराठी, तिकडच्या वळणानं 'सर'चं 'सार' करून.

"अय्यो, बसा की सार. तुम्ही उभे राहिलात तर मलाच भय वाटते."

विजयकुमार बसले. मॅडमनी पानं त्यांच्या पुढ्यात ठेवली. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या कचेरीत फायली लिहिलेला हात. अक्षराला नाव ठेवायची कोणाची बिशाद नव्हती. सगळ्यात वर विषय, त्याखाली संदर्भ. परिच्छेदांना एक ते अकरा आकडे. डावीकडे साहेबांच्या शेऱ्यासाठी चार बोटं समास. शेवटी 'वरील सर्व बाजू लक्षात घेऊन योग्य तो निर्णय व्हावा' आणि त्याखाली कोरी जागा.

"ही जागा कोणाला सोडलात?"

"सहीसाठी," विजयकुमारांनी खरं ते सांगितलं. "तुमच्या."

मॅडमना हसू आलं. ते त्यांनी गिळलं.

"सार, तळी बुजवून हे शहर वाढवलं, ते बरोबर की चूक, एवढंच मी विचारलं होतं. तुम्ही दोन्ही बाजू मांडलात. फार छान मांडलात. आणि शेवटी मलाच विचारता, बरोबर की चूक? निबंध म्हणजे तुमचं म्हणणं. ते पहिल्या पानावर, एका वाक्यात. बाकी सगळी पानं त्या वाक्याला टेकू द्यायला. वाक्यच नाही तर टेकू कशाला देता?"

"मत द्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती, मॅडम. मत साहेबांचं असायचं."

"इथं साहेब कोणी नाही. पाच वाजता मला मार्क भरायचे आहेत. तेवढं एक वाक्य लिहून द्या. पटलं तर पास करते, निबंध सोमवारी नीट लिहून आणा. नाही जमलं तर या विषयात नापास. मग माझ्याही हातात काही नाही, सार."

नापास झालो तर उद्यापासून यायचं नाही, हे विजयकुमारांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. लेकरांच्या वयाच्या पोरांसमोर शोभा करून घ्यायची हौस कोणाला? पण ठरवल्यापासून त्यांना ते सलत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुठेतरी स्वतःच्या मर्जीनं जात होते.

मॅडम पुढच्या बाकावर दुसरे पेपर तपासत बसल्या. विजयकुमारांनी कोरा कागद घेतला. 'असे दिसून येते की' असं लिहिलं आणि पुटपुटत वाचलं.

"कोणाला दिसतं?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

त्यांनी ते खोडलं. 'काही तज्ज्ञांच्या मते' असं लिहिलं, आणि कोणी विचारायच्या आत स्वतःच खोडलं.

उत्तर माहीत नव्हतं असं मुळीच नाही. याच शहरातल्या नुंगंबाक्कम भागात पूर्वी जिथं तळं होतं, तिथंच त्यांचा तळमजल्यावरचा फ्लॅट होता. दोन पावसाळ्यांत पाणी पलंगाला लागलं होतं. विजयकुमार आणि शर्मिष्ठाबाई जेवणाच्या टेबलावर पाय पोटाशी घेऊन बसले होते, आणि तेव्हाही विजयकुमार बायकोला महापालिकेची बाजू समजावून सांगत होते. आता चूक म्हणायचं, तर आपण हौसेनं घेतलेलं घरही त्यात आलं. बरोबर म्हणायचं, तर ते पाणी खोटं ठरलं.

पाचला दहा मिनिटं होती. त्यांनी एका दमात लिहून टाकलं आणि राजीनामा द्यावा तसा कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

मॅडमनी वाचला. पुन्हा वाचला, या वेळी मोठ्यानं.

"'तळी बुजवणं ही चूक होती, आणि मी त्या चुकीवर फ्लॅट घेऊन राहतो.'"

"'मी' चालत नसेल तर खोडतो," विजयकुमार घाईनं म्हणाले.

"खबरदार! पास झालात, सार. आता पुरावे आणा. तुमच्या विरुद्ध बोलणारेही आणा, त्यांना उत्तर द्या. पण हे वाक्य आता सोडू नका."

विजयकुमारांना इतकं हलकं वाटलं, की तेवढं निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढतानाही वाटलं नव्हतं. डोळे भरून आले. चष्मा पुसायच्या निमित्तानं त्यांनी ते आवरले.

बस स्टॉपवर समुद्राचा वारा सुटला होता. त्यांनी घरी फोन लावला.

"पास झालो."

"सुटले बाई एकदाची!" शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "सकाळपासून माझा जीव टांगणीला. बरं, रात्रीला काय करू? उपमा की खिचडी?"

हा प्रश्न त्या रोज विचारत. 'तू ठरवशील ते' हे उत्तर ठरलेलंच असल्यामुळे त्या ते ऐकायला थांबत नसत.

"थालीपीठ," विजयकुमार म्हणाले. "काकडीचं. वर लोण्याचा गोळा."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शर्मिष्ठाबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमची तब्येत बरी आहे ना?"